त्या उन्हाळ्याची खळ

"आजी, मॅट का ग्लॉसी?" काउंटरवरच्या मुलीनं दुसऱ्यांदा विचारलं, आणि मी ह्यांचा फोटो पिशवीतून अर्धा बाहेर काढून तशीच उभी राहिले.

सावेडीतलं नवं दुकान. काचेचं दार, आत गारठा, मागं पेटीएवढं एक यंत्र गुरगुरत होतं. मुलगी बोलायला गोड होती. तिनं समजावून सांगितलं की फोटो इकडून आत घालायचा, तिकडून तो फळीला चिकटून, वर प्लॅस्टिक चढून बाहेर येतो. पाच मिनिटांचं काम.

"पाण्यात बुडवला तरी काही होत नाही. शंभर वर्षं बघायला नको."

"शंभर वर्षं बघणार कोण आहे, बाई?" मी म्हटलं. ती हसली. मी फळीला हात लावून बघितला. लाकडाचा भुसा दाबून केलेली, गुळगुळीत. नाकाशी धरली तर वासच नाही. "खळ कसली वापरता गं?"

"खळ म्हणजे?"

आता हिला काय सांगायचं? उद्या येते म्हटलं, फोटो परत पिशवीत सरकवला आणि रिक्षा केली. गुडघ्यांनी त्या चार पायऱ्या उतरतानाच हाय खाल्ली होती. हे जाऊन येत्या माघात वर्ष होईल. पुण्याहून मुलाचा रोज फोन, "आई, वर्षश्राद्धाच्या आत बाबांचा फोटो भिंतीवर लागला पाहिजे हं." लागेल रे बाबा. ज्या माणसानं अर्ध्या जिल्ह्याची मेलेली माणसं फळीवर चढवून दिली, त्याचाच फोटो वर्षभर पिशवीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

लॅमिनेशन हा शब्द तेव्हा आमच्या गल्लीत आलाच नव्हता. लोक म्हणायचे, "फोटो फळीवर चढवून द्या." माळीवाड्यात पुढच्या खोलीत दुकान, मागं आमचं घर, मध्ये एक पडदा. पडद्याच्या पलीकडं हे, अलीकडं मी आणि माझी चूल. आंब्याच्या लाकडाच्या फळ्या नूरभाई सुतार रंधून आणून देत. त्या आल्या की घरभर ओल्या लाकडाचा आंबूस वास सुटायचा. फळीला आधी पातळ सरसाचा हात द्यायचा, तो वाळला की खळ. फोटो परातीतल्या पाण्यात भिजत घालायचा, निथळायचा, आणि मधून बाहेर, मधून बाहेर असा फडक्यानं दाबत बसवायचा. आत वारा अडकला तर फोटोला फुगा येतो. तो सुईच्या टोकानं फोडायचा. मग वर पाटा ठेवायचा, माझा वाटणाचा पाटा, त्यावरून सासूबाई रोज कुरकुर करायच्या. वाळल्यावर चंद्रसाचं व्हार्निश. त्या व्हार्निशनं माणूस जरा पिवळा व्हायचा, पण चमकायचा. पाठीमागं हे सुताराच्या जाड पेन्सिलीनं गिऱ्हाईकाचं नाव, गाव आणि खळीत काय काय घातलंय ते लिहीत. कधी दुरुस्तीला आला तर कळावं म्हणून. त्यावर खाकी कागद डकवला की झालं काम.

हे लिहिताना मला तोच वास येतोय, सरसाचा, जनावराच्या हाडाचा, जरा किळसवाणाच. नवी नवरी होते तेव्हा मला त्यानं मळमळायचं. पुढं पुढं तो वास आला नाही तर घरात कुणी आजारी आहे की काय असं वाटायला लागलं.

खळ करायची ती मी. ते माझं काम. उकळत्या पाण्यात चिमूटभर मोरचूद टाकायचं, म्हणजे पाणी हिरवंनिळं व्हायचं. मग गार पाण्यात कालवलेला मैदा त्यात सोडायचा आणि हात मोडेपर्यंत घोटायचं. मोरचुदानं कसर लागत नाही, झुरळं फिरकत नाहीत. हे गिऱ्हाईकाला छातीवर हात ठेवून सांगत, "पन्नास वर्षं हलणार नाही." आणि खरंच हलत नसे. पातेलं दुकानात नेऊन ठेवलं की हे आधी बोटभर खळ जिभेच्या टोकाला लावून बघत, आंबली तर नाही ना, आणि बाहेर जाऊन थुंकून येत. मी म्हणायची, "विष चाटता ते चाटता, एखाद दिवशी जिभेचं काही होईल." हे म्हणायचे, "जिभेवाचून खळ कळत नाही."

मग बाहत्तरचं साल आलं. पाऊस आलाच नाही. आणि त्यानंतरचा तो उन्हाळा.

मला दुष्काळाचं वर्णन करता येत नाही. मी पडद्याच्या आतली बाई, मी काय बघितलं? विहिरीतून घागरीबरोबर वर येणारा गाळ बघितला. रेशनवरचा लाल मिलो, तो परदेशी जोंधळा बघितला, त्याची भाकरी दुपारपर्यंत चामड्यासारखी व्हायची. स्टेशनाकडच्या माळावर तट्ट्यांची पालं वाढत गेली ती बघितली. सगळ्यात जास्त लक्षात काय राहिलं असेल तर घरातली माणसं लाल भाकरी चावत होती आणि पांढरास्वच्छ मैदा होता तो मेलेल्यांचे चेहरे चिकटवायला. दुकानाचा म्हणून एका व्यापाऱ्यानं भरून दिलेलं ते पोतं कोपऱ्यात उभं असायचं. त्याच्याकडं बघायची मला लाज वाटायची, आजही वाटते.

त्याच पालांतली ठकू आमच्याकडं भांड्यांना यायला लागली. पाथर्डीकडची. नवरा तलावाच्या कामावर खडी फोडायला, ही शहरात. बरोबर मुक्ती, तीन वर्षांची पोर, पोट तेवढं पुढं आणि हातपाय नुसत्या काड्या. मोरीपाशी बसून राहायची, रडायची नाही. मेलं, ते न रडणंच बघवत नसे.

एका दुपारी मी दुकानातून रिकामं पातेलं मोरीत टाकलं आणि धुणं काढायला गच्चीवर गेले. खाली आले तर ठकू बोटांनी पातेल्याची खरवड काढत होती आणि पोरीच्या तोंडात घालत होती. मी ओरडलेच, "अगं ठके, विष आहे त्यात!"

तिनं वर बघितलं. हात थांबला नाही तिचा. म्हणाली, "ठावं हाय वैनी. आठ दिस झालं खाती ती. वकती मधी मधी."

"आणि तरी घालतेस?"

"वकल्यावर बी थोडं ऱ्हातंच की पोटात."

आता कुणी म्हणेल, भाकरी नाही का द्यायची? दिली की. माझ्यातली अर्धी द्यायची, जमेल तेव्हा. पण आमच्याच घरात खाणारी सात तोंडं, आणि सासूबाई भाकऱ्या झाल्या की फडक्यात बांधून स्वतःच्या उशाशी ठेवायच्या. वाईट नव्हत्या हो त्या. त्यांनाही पुरवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मोरचूद घातलं नाही. पाणी उकळलं, पुडी हातात घेतली आणि परत फडताळात ठेवली. एवढंच केलं. पण खळ झाली पांढरी, आणि ती पडद्यापलीकडं न्यायची कशी? कोनाड्यात कपड्यांची नीळ होती. ती नखभर टाकली, रंग आला. मला वाटलं, वा गं बाई, हुशार आहेस.

चार दिवसांनी ठकू म्हणाली, "आळनी लागतं म्हून थुकती पोरगी." तर मी मीठ घालायला लागले. आता हसू येतं. फोटो चिकटवायच्या खळीत मीठ! एखाद्या सुगरणीनं पिठल्याची चव बघावी तशी मी ती चोरून चाखायची. दोन पातेली करता आली असती, एक दुकानाचं, एक पोरीचं, असं मला आज वाटतं. पण चूल एक, मैदा मापून दिलेला आणि समोर सासूबाई. शहात्तराव्या वर्षी सगळ्यांनाच अक्कल येते.

पहिल्या दिवशी ह्यांनी मिठाची खळ जिभेला लावली तेव्हा मी पडद्याच्या फटीला डोळा लावून उभी होते. हे जरा वेळ रस्त्याकडं बघत बसले आणि म्हणाले, "बरी झालीय." तंबाखूनं जीभ मेलीय ह्यांची, म्हणून मी देवाला हात जोडले.

एक मात्र त्रास होता. काम रोडावलं होतं, त्या वर्षात लोक पोटाचं बघणार की भिंतीचं? पण ह्यांना अंदाजच येईनासा झाला. रोज सकाळी पडद्यातून आवाज, "अगं, आज खळ जरा जास्तच कर, काम फार आहे." आणि संध्याकाळी अर्धं पातेलं तसंच परत. सासूबाई कडाडायच्या, "फळ्या चार न् खळ हंडाभर! मैदा काय आभाळातून पडतो का रे?" हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. मीही मनात चिडायचे. म्हणायचे, ह्या माणसाला साधा हिशेब येत नाही, आणि ठकूचं पातेलं भरून द्यायचे.

त्याच उन्हाळ्यात सुप्याकडच्या एका खेड्यातला म्हातारा आला. धोतराच्या सोग्यात जपून आणलेला फोटो होता, वहीच्या पानाएवढा, कोपरे दुमडलेले. घोडेगावच्या बाजारात कुणा फिरत्या फोटोवाल्यानं काढलेला. विशीतलं पोरगं, नव्या खोंडाच्या पाठीवर हात टाकून उभं, दात दिसतील असं हसत होतं. त्या दिवशीच तो खोंड घेतला होता. चैतात विहिरीचं काम करताना दरड पडून पोरगं गेलं. दुसरा फोटो नाही, फोटोवाला कुठला ते ठाऊक नाही.

ह्यांनी विचारलं, "बैल कापून नुसता मुलगा ठेवू का?"

"नगं दादा. बैल बी ऱ्हाऊ द्या. आता त्यो बी न्हाई." मग म्हातारा म्हणाला, "त्याची आई रोज हातात घेती, रोज रडती. फोटू विरघळून जाईल तिच्यानं. फळीवर चढला म्हंजी ऱ्हाईल ना?"

"पन्नास वर्षं हलणार नाही," हे म्हणाले. नेहमीसारखं छातीवर हात ठेवून नाही म्हणाले, हे मी पडद्याच्या फटीतून बघितलं होतं. ऊन फार आहे, दमले असतील, असं तेव्हा वाटलं.

आणि मला सगळं ठाऊक होतं. खळीत मोरचूद नाही हे ठाऊक होतं, कसर कशाला सुटते हेही ठाऊक होतं. एकदा मनात आलं, आजच्या दिवस घालावी पुडी, ह्या एका फोटोपुरती. पण मोरीपाशी मुक्ती बसलेली होती. तिनं आता ओकायचं सोडलं होतं. गालांवर जरासं काहीतरी आलं होतं, हाडावर बोट फिरवलं तर मऊ लागेल एवढंच. मी पुडी घातली नाही. मेलेल्या पोरापेक्षा जितं पोर बरं, असं मी ठरवलं. ठरवणारी मी कोण, हा प्रश्न त्या वयात पडत नाही.

मग ज्येष्ठात पाऊस लागला. ठकू एका सकाळी पोरीला कडेवर घेऊन निरोप द्यायला आली. "जातो वैनी. रान भिजलंय, पेराया पायजे." मी मुक्तीच्या हातावर गूळ ठेवला. तिनं तो लगेच तोंडात टाकला आणि पहिल्यांदाच माझ्याकडं बघून हसली. त्यानंतर मायलेकींचं काही कळलं नाही. ती पोर जगली असेल तर आज पंचावन्नची असेल, तिला नातवंडं असतील. जगली असेलच. असं मी धरून चालते, नाहीतर मला झोप यायची नाही.

त्याच दिवशी मी मोरचूद परत सुरू केलं. पण जे भिंतींवर गेलं होतं त्याचं काय? आषाढात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला घाम सुटतो ना, तसा त्या उन्हाळ्याच्या फळ्यांना घाम सुटला. श्रावणात एकेक परत यायला लागली. फुगलेले, बुरशीचे डाग पडलेले, कडेनं कसरीनं कुरतडलेले चेहरे. कुणाची आई, कुणाचा सासरा. लोक चिडायचे, हे मान खाली घालून ऐकून घ्यायचे. सगळ्यांत शेवटी तो म्हातारा आला.

धोतरातून त्यानं फळी काढली. पोराचा चेहरा गेला होता. सगळा चेहरा, कपाळापासून हनुवटीपर्यंत, नुसती पांढरी चाळण. हात राहिला होता आणि हाताखालचा बैल, तो मात्र पुसून ठेवल्यासारखा स्वच्छ. म्हातारा भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "दादा, तुमी म्हनला हुता, हलनार न्हाई."

सासूबाई पडद्याबाहेर आल्या होत्या. मीही आले होते. ह्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हाताऱ्याचे पाय धरले. "चूक माझी आहे बाबा. हात गेला माझा."

"ठिवा ती तुमच्यापाशीच," म्हातारा म्हणाला. "तिला न्हेऊन काय दावू? बैल?" आणि गेला, पावसातून, डोक्यावर काही न घेता.

त्यानंतर ह्यांनी फळीला हात लावला नाही. काचेच्या चौकटी करायचे, आरसे बसवायचे, पण खळ नाही. कुणी आग्रह केला तर तळवे दाखवून म्हणायचे, "हात गेला." पंचक्रोशीत ज्यांच्या हाताचं नाव होतं ते माझे हे. आणि मी गप्प. आधी सासूबाईंच्या भीतीनं, मग लाजेनं, मग सवयीनं. पन्नास वर्षं मी त्या माणसाला त्याचा हात गेला असं समजू दिलं. शेवटच्या आजारात ते पांघरुणावर तळवे उलटेसुलटे करून बघत बसायचे. तोंडापर्यंत आलं होतं माझ्या. पण तेव्हा नर्स आली, मग डॉक्टर आले, आणि मग ते राहूनच गेलं.

परवा त्या सावेडीच्या दुकानातून परतले आणि उगाचच माळा काढायला घेतला. ह्या वयात माळ्यावर चढू नये हे मलाही कळतं. जुन्या धोतरात गुंडाळलेली फळी हाताला लागली तेव्हाच काय आहे ते समजलं. उजेडात आणली. हात आणि बैल. बैलसुद्धा आता पुसट झालाय. उलटी केली. मागचा खाकी कागद कसरीनं खाऊन टाकला होता, खालचं लाकूड उघडं पडलं होतं, आणि त्यावर जाड पेन्सिलीनं ह्यांचं अक्षर, म्हाताऱ्याचं नाव, गाव आणि खाली एक ओळ: खळ – मैदा, मीठ, नीळ.

मी ती ओळ बोट फिरवत पुन्हा वाचली.

मीठ. नीळ! नीळसुद्धा ओळखली होती मेल्या माणसानं. पहिल्या दिवसापासून. आणि रोज सकाळी पडद्यातून, "अगं, आज खळ जरा जास्तच कर." चार फळ्यांना. आईच्या शिव्या खात. सगळं ठाऊक असून त्यांनी म्हाताऱ्याचं पोर त्याच खळीवर चढवलं, आणि पुन्हा पाय धरून हात गेला म्हणाले, कारण माझी सासू तिथं उभी होती. मला राग आला, खरंच सांगते. त्यांच्या फोटोवर ओरडले मी, "अहो, एका शब्दानं बोलायचं होतंत! पन्नास वर्षं! मी एकटीच जळत होते असं वाटलं मला." आणि मग रडले. हे गेले तेव्हाही एवढं रडले नव्हते.

म्हाताऱ्याच्या बायकोला काय सांगणार होतो आम्ही, दोघं मिळून तरी? ते पाप आहे ते आहे. फक्त आता ते दोघांचं आहे.

आज दुपारी मुलाचा फोन आला, "आई, लॅमिनेशनला टाकलास का?" मी म्हटलं, "होतंय." गॅसवर पाणी उकळत होतं. माळ्यावरच्या एका कोऱ्या फळीला सकाळीच ओलं फडकं मारून ठेवलं होतं. सरस कुठला मिळायला? नुसती खळ. घोटताना मनगट भरून आलं, तीनदा थांबले. चाखून बघितली. मग ह्यांचा फोटो परातीतून काढला, निथळला आणि फळीवर ठेवून मधून बाहेर, मधून बाहेर दाबत गेले. गालापाशी एक फुगा राहिला. सुई शोधली, पण डोळ्यांना दिसेना, म्हणून राहू दिला. टिकेल चार-दोन पावसाळे. मी आहे तोवर टिकला म्हणजे झालं.

वाळल्यावर फळी उलटी केली आणि पेन्सिलीनं त्यांच्यासारखंच लिहिलं, नाव, गाव, आणि खाली: खळ – मैदा, मीठ. नीळ घातली नाही. आता लपवायचं कुणापासून?